जे आधी होईल ते

गाडी दोन साडूंच्या मालकीची होती. भांडण लागायला खरं तर एवढं पुरेसं होतं. पण आठ महिने ते लागलं नाही, आणि लागलं तेव्हाही गाडीवरून लागलं नाही. लागलं ते 'किंवा' या शब्दावरून.

थोरल्या साडूंना पाणीपुरवठा कार्यालयात त्यांच्या पाठीमागे सगळे 'पोटकलम' म्हणत. कुठलाही अर्ज समोर आला की तो कोणत्या पोटकलमाखाली नामंजूर होतो हे ते पुस्तक न उघडता सांगत. शिवाय खुर्ची पुढे ओढली की टेबलाला सगळ्यात आधी त्यांचं पोट लागे. नाव ठेवणाऱ्यानं एका शब्दात दोन्ही गोष्टी बसवल्या होत्या, हे त्यांनाही मनातून मान्य होतं. माणूस वाईट नव्हता हो. फक्त एकदा घरी आला की घरातच राहायचा. लग्नाच्या पहिल्या वर्षी बायको म्हणाली होती, कुठंतरी फिरायला जाऊ या. त्यावर त्यांनी 'कुठं' असं विचारलं, आणि त्या बिचारीला नेमकं ठिकाण सांगता आलं नाही. तेव्हा जो विषय तहकूब झाला तो बावीस वर्षं तहकूबच होता.

धाकटा साडू नेमका उलटा. तो वजनकाटे विकायचा. दिवसभर कंपनीच्या स्कूटरवरून दुकानं पालथी घालून घरी आला, की चहाचा कप हातात धरूनच कुणाला कुठं सोडायचंय का असं विचारायचा. त्याला सगळे 'भिंगरी' म्हणत, तेही तोंडावर, आणि त्याला ते आवडायचं. त्याची बायको, म्हणजे धाकटी बहीण, म्हणायची की आमच्या घरात नवरा हा पाहुण्यासारखा येतो, फक्त पाहुणा येताना काहीतरी घेऊन येतो.

दोन्ही बिऱ्हाडं एकाच इमारतीत, थोरलं दुसऱ्या मजल्यावर, धाकटं पहिल्या. दोन घरांत मिळून गाडी लावायची जागा एकच होती, म्हणून गाडीही दोघांत मिळून एकच घेऊ, ही बहिणींची कल्पना. किंमत निम्मी निम्मी. पेट्रोल ज्यानं फिरवली त्यानं भरायचं. पोटकलमांना गाडी चालवता यायची, पण ते ती चालवायचे नाहीत. रविवारी खाली जाऊन चारही टायर जागेवर आहेत का बघून यायचे, एवढाच त्यांचा वापर. बाकी सगळी गाडी भिंगरी पळवायचा.

आणि एक गोष्ट इथंच सांगितलेली बरी. रोज संध्याकाळी दोघं साडू जिन्याच्या पायरीवर बसायचे. पोटकलम ऑफिसातले विनोद सांगायचे. ते विनोद असे असत की ते कळायला आधी पाणीपट्टीचे नियम वाचावे लागत. घरी बायको 'हं' म्हणायची, ऑफिसात लोक फाइल उघडायचे. जगात एकटा भिंगरी मांडीवर थाप मारून हसायचा. पोटकलमांना दुसरा मित्र नव्हता. हाही मित्र आहे हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. ते त्याला साडूच समजत होते.

तर आठ महिने झाले आणि एका रविवारी टायर मोजून झाल्यावर पोटकलमांनी गाडीच्या कप्प्यातलं माहितीपुस्तक वर वाचायला आणलं. माणसं कादंबऱ्या वाचतात तसं ते नियम वाचत. त्यात लिहिलं होतं: सर्व्हिसिंग दर दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. पोटकलमांनी चष्मा पुसला. इतकं सुबक वाक्य त्यांनी बऱ्याच दिवसांत वाचलं नव्हतं.

मग चौकशी सुरू झाली. गाडीच्या सर्व्हिसिंगला किती पडतात, हा प्रश्न वरवर साधा दिसतो, पण तो इमारतीत एकदा मोठ्यानं विचारून बघा. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले की कंपनीच्या सेंटरमध्येच द्या, मी तिथंच देतो. त्यांची गाडी कायम तिथंच असते, हे त्यांनी सांगितलं नाही. चौथ्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले म्हणाले की सर्व्हिसिंग हे थोतांड आहे, त्यांनी त्यांच्या गाडीचं अकरा वर्षं केलं नव्हतं. ती गाडी कुठं आहे असं विचारल्यावर ते म्हणाले, विकली. कुणाला, ते सांगेनात. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले की काहीही करा, फक्त तेल पार्किंगमध्ये सांडू नका, ठराव झालेला आहे.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला पोटकलमांनी दर विचारला. तो म्हणाला, बघून सांगतो. बघितल्यावर विचारला तर म्हणाला, उघडून सांगतो. उघडल्यावर किती सांगशील, असं विचारलं तर म्हणाला, मग तर साहेब तुम्हालाच दिसेल. घरी येऊन सर्व्हिसिंग करून देणारा एक होता, निम्म्या पैशांत, पण त्याला खाली एक बादली, दोन जुनी वर्तमानपत्रं आणि उन्हाची वेळ सोडून कुठलीही वेळ लागत होती, आणि सेक्रेटरींच्या ठरावाचं नाव काढताच त्यानं फोन ठेवला. कंपनीच्या सेंटरमध्ये मात्र दरपत्रक होतं, गार हवा होती आणि एक प्लॅन होता. तीन वर्षं दर महिन्याला ठरावीक हप्ता भरायचा, की सर्व्हिसिंगची मजुरी, तेल, फिल्टर सगळं त्यात. फक्त झीज होणारे भाग सोडून.

"झीज न होणारा भाग कोणता, तेवढं मला लिहून द्या," पोटकलम म्हणाले.

काउंटरवरच्या बाई नव्या नव्हत्या. त्यांनी विचार करून सांगितलं की पुढच्या बाजूला कंपनीचं चिन्ह असतं, ते सहसा झिजत नाही. पोटकलमांना उत्तर पटलं, पण प्लॅन पटला नाही. जे बिघडलेलं नाही त्याच्या दुरुस्तीचा हप्ता आजपासून भरायचा म्हणजे काय? पाणी यायच्या आधी पाणीपट्टी घेतली म्हणून लोक त्यांच्याच टेबलावर मुठी आपटत, तेव्हा ते शांतपणे नियम दाखवत. पण ते लोकांचं झालं.

घरी आल्यावर संध्याकाळी दोन्ही कुटुंबांची बैठक भरली. भिंगरीचं मत दोन शब्दांत होतं: प्लॅन घेऊ. निम्मा निम्मा हप्ता, डोक्याला ताप नाही. दोघी बहिणींचंही तेच म्हणणं पडलं. पण निम्मा या शब्दाशी पोटकलम अडले. गाडी पळवतो कोण, आणि निम्मा भरतो कोण? मग किलोमीटरच्या प्रमाणात वाटणी करू, असं निघालं. त्यावर भिंगरीनं हसत विचारलं की मी ताईला दवाखान्यात नेलं ते किलोमीटर कुणाचे? सासूबाईंना आणायला गेलो, जाताना मी एकटा होतो, ते कुणाचे? दोघी बहिणींनी एकमेकींकडे बघून चहा ठेवला.

त्या चहाच्या दरम्यान पोटकलमांना ते सुचलं. असलं काही त्यांना आयुष्यात एकदाच सुचलं असेल, आणि नेमकं ते सुचायला नको होतं. ते उठून उभे राहिले. म्हणाले, उत्तर पुस्तकातच आहे. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष. किलोमीटर आधी पुरे झाले, तर सर्व्हिसिंग गाडी पळवल्यामुळे आलं. मग खर्च पळवणाऱ्याचा. वर्ष आधी पुरं झालं, तर ते गाडी नुसती उभी राहिल्यामुळे आलं. मग खर्च उभी ठेवणाऱ्याचा, म्हणजे माझा. जे आधी होईल ते.

या युक्तिवादात चूक काढायला आजही जागा नाही. एवढंच, की तो दोन माणसांनी मिळून घेतलेल्या एका गाडीबद्दल होता. भिंगरीला सगळी गंमतच वाटत होती. पोटकलमांनी लगेच कागदावर मजकूर उतरवला, सेक्रेटरींना साक्षीला बोलावलं, आणि भिंगरीनं तो न वाचता सही ठोकली. तेव्हा काटा सात हजारांवर होता आणि वर्षाला चार महिने बाकी होते. भिंगरीचा महिन्याचा जवळजवळ नऊशे किलोमीटरचा रतीब धरला, तर किलोमीटर आधी पुरे होणार हे लहान मुलालाही कळलं असतं.

सेक्रेटरींनी हिशेब मनात करून म्हटलं, "म्हणजे साहेब, तुम्ही सुटलात."

इथं पोटकलमांनी नुसतं हसायला हवं होतं. पण चार माणसं समोर, हातात स्वतःच्या अक्षरातला करार, जीभ सैल सुटली. ते म्हणाले, "सुटणारच. हौस एकानं करायची आणि भुर्दंड दुसऱ्यानं सोसायचा, असं फुकट किती दिवस चालणार?"

भिंगरीच्या तोंडावरचं हसू गेलं. त्यानं खिशातून किल्ली काढली, टेबलावर ठेवली आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "आजपासून मी गाडीला हात लावणार नाही, दादा." मग तो खाली निघून गेला. धाकटी त्याच्या मागून गेली, जाताना कपबश्या मात्र विसळून गेली. त्या दिवसापासून भिंगरीचं आणि पोटकलमांचं बोलणं बंद झालं.

आता एखाद्या माणसाच्या लक्षात आलं असतं की आपण दुसऱ्याला लागेल असं बोललो. पोटकलमांच्या लक्षात दुसऱ्या दिवशी दुपारी, ऑफिसात, वेगळंच आलं. भिंगरीनं गाडीला हात लावला नाही, तर किलोमीटर पुरे होणार नाहीत. किलोमीटर पुरे झाले नाहीत, तर वर्ष आधी पुरं होईल. वर्ष आधी पुरं झालं, तर खर्च आपला. केवढा खोल डाव! त्यांनी हातातला अर्ज चुकून मंजूर करून टाकला.

त्या संध्याकाळी त्यांनी किल्ली उचलली आणि बायकोला म्हणाले, "चल, चक्कर मारून येऊ."

"कुठं?" बायकोनं विचारलं. बावीस वर्षांनी तिचा नंबर लागला होता.

"पंचवीस किलोमीटर," ते म्हणाले.

चार महिन्यांत तीन हजार म्हणजे रोजचे पंचवीस, हे त्यांनी काढून ठेवलं होतं. पहिले काही दिवस ते गावाबाहेरच्या रस्त्यानं काट्याकडे बघत जात आणि साडेबारा झाले की जिथं असतील तिथून मागे वळत. एकदा तर ती जागा पुलाच्या मधोमध आली, आणि मागच्या ट्रकवाल्यानं त्यांना जे सुनावलं ते त्यांच्या तीस वर्षांच्या नोकरीत कुठल्या नळधारकानं सुनावलं नव्हतं. बायको म्हणाली, थोडं पुढं जाऊन वळू या, तिकडं तळं आहे म्हणतात. तळं अठरा किलोमीटरवर निघालं. पोटकलमांनी मनात जमाखर्च मांडला, ते जादाचे किलोमीटर उद्याच्या खाती जमा धरले आणि तळं बघितलं. बरं होतं तळं.

इमारतीत ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. पोटकलम साहेब रोज गाडी काढतात आणि त्यांना लांब जायला आवडतं, असं ऐकल्यावर शेजारधर्म जागा झाला. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना गुडघे दाखवायला गावाच्या दुसऱ्या टोकाला जायचं होतं. जवळचा डॉक्टर आहे की, असं कुणीतरी म्हटलं तेव्हा पोटकलमच म्हणाले, नको, लांबचाच बरा. निवृत्त बँकवाल्यांनी त्यांना आपल्या तीन चुलतभावांकडे नेलं, त्यातल्या दोघांशी त्यांचं पटत नव्हतं. दातांच्या डॉक्टरांची गाडी अर्थातच सेंटरमध्ये होती, म्हणून त्यांचा कुत्रा जनावरांच्या दवाखान्यात पोटकलमांनी नेला. कुत्रा मागच्या सीटवर ऐटीत बसून होता आणि सिग्नलला शेजारी उभ्या राहिलेल्या ऑफिसातल्या शिपायानं आधी कुत्र्याला नमस्कार केला आणि मग, काचेतून नीट बघून, साहेबांना. दार धाडकन आपटणारे लोक, खिडकीतून हात काढून वाट सांगणारे लोक, आणि 'जरा इथंच थांबा, आलोच' म्हणून पाऊण तास गायब होणारे लोक, या सगळ्यांना पोटकलम ओठ मिटून सहन करत होते. मुकाट्यानं मान खाली घालून ते काट्याकडे तेवढे बघत.

पेट्रोलचं म्हणाल, तर दुसऱ्या महिन्याच्या अखेरीला त्यांनी पेट्रोलवर घातलेले पैसे सर्व्हिसिंगच्या खर्चाच्या पुढं गेले. हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण हा आता पैशाचा प्रश्न राहिला नव्हता, तत्त्वाचा होता. तत्त्व कोणतं, असं विचारायला घरात कुणी नव्हतं. भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या काडीवरून वाद घालणारी त्यांची बायको पेट्रोलच्या पावत्या बघून एक अक्षर बोलत नव्हती, उलट संध्याकाळी पाच वाजल्यापासून केस विंचरून तयार बसायची. हिची समजूत एकदम कशी काय वाढली, याचं पोटकलमांना नवल वाटायचं. एकदा तळ्याच्या काठी ती गुणगुणायला लागली. हिला गाता येतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्या दिवशी घरी येताना त्यांनी लांबचा रस्ता घेतला, आणि गंमत म्हणजे काट्याकडे बघायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.

पण जिन्यानं वर जाताना पहिल्या मजल्यावर पाय जड व्हायचे. पायरी रिकामी असायची. आतून भिंगरीचा आवाज यायचा. हल्ली तो घरीच असे, बसनं जाई, बसनं येई, आणि संध्याकाळी चक्क काहीतरी दुरुस्त करत बसे. पोटकलमांकडे ऑफिसातले सतरा विनोद साठले होते. त्यातला एक तर इतका झकास होता, एका माणसानं मीटर उलटा बसवला आणि पाणीपुरवठा कार्यालयच त्याला पैसे देणं लागत होतं, की तो सांगायला मिळेना म्हणून त्यांचं पोट दुखायला लागलं. बायकोला सांगून बघितला. ती "हं" म्हणाली. जिन्यात समोरासमोर आले की भिंगरी भिंतीकडे सरकून वाट द्यायचा. इतक्या अदबीनं वाट द्यायचा की पोटकलमांना वाटे, त्यापेक्षा यानं एकदा धक्का मारावा. आठवण येत होती हो त्यांना त्याची. पण आपण होऊन बोलायचं कसं? करारात तशी तरतूद नव्हती.

अकराव्या महिन्यात डॅशबोर्डवर एक पिवळा पाना दिसायला लागला. सर्व्हिसिंगची वेळ जवळ आली की तो दिसतो. पोटकलमांना तो बघून हुरूप यायचा. मग एका सोमवारी ऑफिसातून येऊन गाडीत बसले तर पाना गेलेला, गाडी धुतलेली, आणि काटा त्यांनी सोडला होता त्याच्या चौदा किलोमीटर पुढं. त्यांनी ताबडतोब निष्कर्ष काढला: पान्याचा दिवा गेला, आणि भिंगरीला राहवलं नाही, गुपचूप चक्कर मारून आला लेकाचा. चौदा किलोमीटर फुकटात मिळाल्याचा आनंद झालाच, पण त्याहून जास्त आनंद त्याला राहवलं नाही याचा झाला. दिवा दुरुस्त करायचा खर्च कुणाचा, हे मात्र करारात नव्हतं.

वर्षाचा शेवटचा दिवस शनिवारी आला. काटा नऊ हजार नऊशे चाळिसावर. पोटकलमांनी रजा टाकली, सकाळीच एकटे निघाले आणि लांबच्या रस्त्यानं थेट सर्व्हिस सेंटर गाठलं. हिशेब जरासा चुकला. सेंटरच्या फाटकाशी आले तेव्हा अजून तीन किलोमीटर कमी होते. फाटकासमोर एक गोल चौक होता, मधे गवत आणि कारंजं. पोटकलमांनी चौकाला फेऱ्या घालायला सुरुवात केली.

चौथ्या फेरीला फाटकावरचा रखवालदार उठून उभा राहिला. सातव्या फेरीला त्यांना फाटकाजवळच्या बाकावर भिंगरी दिसला. तो बसनं आला होता. सेक्रेटरींनी त्याला सांगितलं होतं म्हणे, की कराराचा शेवटचा दिवस आहे, जाऊन बघून या. पुढच्या प्रत्येक फेरीला भिंगरी समोर यायचा, पोटकलम नाकासमोर बघत जायचे आणि मान ताठ ठेवायचे. गोल फिरणाऱ्या माणसाला मान ताठ ठेवणं किती जड जातं हे करून बघितल्याशिवाय कळणार नाही. रखवालदारानं भिंगरीला काहीतरी विचारलं आणि भिंगरीनं मान हलवून नाही म्हटलं. काय विचारलं असेल, ते पोटकलमांना गाडीतूनही कळलं.

अखेर दहा हजार झाले. भोवळ सावरत, दाराला धरत पोटकलम उतरले आणि काउंटरकडे चालू लागले. भिंगरी न बोलता मागून आला. काउंटरवर त्याच बाई होत्या. पोटकलमांनी करार समोर ठेवला आणि विचारलं की किलोमीटर आज पुरे झाले, वर्षही आजच पुरं होतंय. वर्ष सकाळी पुरं झालं म्हणायचं की रात्री बाराला? कारण त्यावर सगळं ठरणार होतं.

बाईंनी गाडीचा नंबर कॉम्प्युटरवर घातला, पडद्याकडे बघितलं, मग दोघांकडे बघितलं.

"या गाडीचं सर्व्हिसिंग गेल्याच महिन्यात झालंय," त्या म्हणाल्या. "प्लॅनही घेतलाय तीन वर्षांचा. दोघी बहिणी आल्या होत्या, सोमवारी. आमचाच माणूस गाडी आणायला गेला होता. हप्ता दोघी निम्मा निम्मा भरतात."

मागं कुठंतरी हवा भरायच्या यंत्राचा फुसफुस आवाज येत होता. पोटकलमांनी करार उचलून घडी घातली, उलगडला, परत घडी घातली.

"मग आम्हाला कसं नाही कळलं?" शेवटी त्यांनी विचारलं.

बाई जरा घोटाळल्या. "मी त्यांना म्हटलं होतं, घरी मेसेज जाईल. तर थोरल्या म्हणाल्या, जाऊ देऊ नका. म्हणाल्या, दोघांचं भांडण चाललंय म्हणून हे मला रोज फिरायला नेतात. तळं दाखवलं, पूल दाखवला. मिटलं की परत खुर्चीत बसतील." त्यांनी भिंगरीकडे बघून आवाज आणखी खाली आणला. "आणि धाकट्या म्हणाल्या, आमचेही आता संध्याकाळी घरात दिसतात. एवढं वर्ष पुरं होऊ दे, मग सांगू."

दोघं साडू गिऱ्हाइकांसाठीच्या सोफ्यावर जाऊन बसले. मधे एका माणसाची जागा सोडली होती. पोटकलमांचे कान तापले होते. फसवलं म्हणून राग यायला हवा होता, आणि तो ते प्रामाणिकपणे शोधत होते, पण सापडत होती ती तळ्याकाठी गुणगुणणारी बायको. बावीस वर्षं ती तयार होती, आणि तिला न्यायला एक भांडण लागलं, याचं त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी घसा साफ केला.

"एका माणसानं पाण्याचा मीटर उलटा बसवला," ते समोर बघत म्हणाले.

भिंगरी ऐकत होता. पोटकलमांनी सगळा विनोद सांगितला, नियमासकट. मग भिंगरीनं मांडीवर अशी थाप मारली की काउंटरवरच्या बाई दचकल्या. तो हसत सुटला, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला, आणि पोटकलमही हसायला लागले, आणि दोघांचं हसणं केव्हा विनोदावरून सुटून स्वतःवर गेलं ते दोघांनाही कळलं नाही.

"त्या दिवशी मी बोललो ते चुकीचं होतं," हसू ओसरल्यावर पोटकलम म्हणाले. "गाडी तू पळवलीस म्हणून ती गाडी होती. मी नुसते टायर मोजत होतो."

"जाऊ द्या हो, दादा." भिंगरीनं डोळे पुसले. "चार महिने घरात बसलो. माझी बायको इतकं छान बोलते, मला माहीतच नव्हतं. मी थांबतच नव्हतो ना कधी ऐकायला."

मग दोघांच्या मनात एकाच वेळी तोच पेच आला. घरी जाऊन मिटलं म्हणून सांगितलं, तर उद्या संध्याकाळी काय? बायकोला विनाकारण फिरायला न्यायचं, तर तसं म्हणायचं कसं? पोटकलमांना नुसत्या विचारानं घाम फुटला. भिंगरीलाही उद्या संध्याकाळी घरी थांबायला काही निमित्त दिसेना. एकदा सुटलेला भोवरा परत फिरणारच, हे तो स्वतःच म्हणाला. बाई प्लॅनवाल्यांचा चहा घेऊन आल्या तेव्हा दोघंही जमिनीकडे बघत बसले होते. चहा संपेपर्यंत त्यांनी काय ते ठरवलं, आणि पोटकलमांनी ते कागदावर उतरवायचा मोह मोठ्या कष्टानं आवरला.

बाहेर येऊन पोटकलमांनी किल्ली पुढं केली. भिंगरीनं ती घेतली नाही. तो शेजारच्या सीटवर बसला, पट्टा लावला, आणि वाटेत साठलेल्या विनोदांपैकी नऊ ऐकून झाले तेव्हा घराकडचा रस्ता आला. पोटकलम वळण घेणार, तेवढ्यात त्यानं त्यांच्या हातावर हात ठेवला.

"इथंच कोपऱ्यावर सोडा, दादा," भिंगरी म्हणाला. "त्या दोघी गॅलरीत असतील, आणि आपलं बोलणं बंद आहे."